आजीचे नाव कुठे लिहिले आहे?



ज्यूंचे इब्री धर्मशास्त्र, म्हणजेच बायबलमधला जुना करार, वाचायला घेतला की नावांच्या लांबलचक याद्या लागतात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय तर बहुतेक नावांचेच आहेत. वाचक ही पाने उलटून पुढे जातात. माझे म्हणणे, तिथे जरा थांबावे.

त्या समाजात माणूस आधी वंशाचा, मग कुळाचा, मग घराण्याचा. जमिनीची वाटणी याच हिशेबाने झाली. आपला सातबारा म्हणावा तशी ती वंशावळ होती. सलाफहादला मुलगा नव्हता, पाच मुलीच होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. या मुली दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी, लोकांचा नेता मोशे, याजक आणि साऱ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नाही म्हणून वडिलांचे नाव कुळातून का जावे, असे त्यांनी विचारले आणि वतन मिळवले. पुढे लग्न वंशातच करण्याची जाचक अट आली, पण पाचही नावे ग्रंथात राहिली.

याद्यांची दुसरी बाजू कठोर आहे. बाबेलच्या बंदिवासातून लोक यरुशलेमला परतले, तेव्हा हक्कोस, बर्जिल्लय अशा काही याजक घराण्यांना वंशावळीत आपली नोंद सापडली नाही. त्यांचे याजकपद गेले.

सुमारे अडीच हजार वर्षांनी वंशाचा असाच पुरावा मराठी बोलणाऱ्या माणसांकडे मागितला गेला. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ बुडाले. लेखी वंशावळ उरली नाही. उरली ती रीत : मुलांची सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. शनिवारी तेलाचा घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावेही गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमचे केहिमकर.

यातली अनेक कुटुंबे इस्राएलला गेली. तिथल्या मुख्य धर्मपीठाने 1962 मध्ये आदेश काढला, की बेने इस्राएल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी ठरले, तर आई, आजी, पणजी अशा मागच्या पिढ्या शक्य तितक्या तपासाव्यात. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना हा अपमान वाटला आणि तो अपमानच होता. निदर्शने झाली. ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले.

त्याच धर्मशास्त्रात रूथची कथा आहे. ती मवाबी, परक्या देशाची. तरी तिच्या कथेच्या शेवटच्या वंशावळीत तिचा पणतू म्हणून येतो तो दावीद राजा. धर्मपीठाने ही यादी डोळ्यांपुढे ठेवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या घरांतही नोंद अशीच हरवते. इथे छत्तीसगडमध्ये, भिलाईत, जामुलमध्ये पोलाद आणि सिमेंटच्या कामासाठी येऊन स्थिरावलेली मराठी घरे आता इथलीच झाली आहेत. मुलांना मूळ गाव ऐकून माहीत असते. आजीचे माहेर विचारा, उत्तर सापडत नाही. घरातली वडील माणसे आहेत तोवर त्यांना विचारा, आणि वंशावळ लिहाल तेव्हा बापआजोबांच्या शेजारी आईचे, आजीचे, पणजीचे नाव माहेरासकट लिहा.