वार्धक्याचा भार एकाच खांद्यावर का?

(नाशिक येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्र शासनाच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव दिलेले आहे. परंतु त्या कथेचा पूर्वार्धच आपण ध्यानात ठेवतो. मुलाने कावड वाहिली, हे आठवते. राजाच्या बाणाने तो पडला आणि त्याच्यामागे आईबापांनीही प्राण सोडले, हे आपण विसरतो. जी व्यवस्था एकाच खांद्यावर तोललेली असते, ती त्या खांद्याबरोबरच कोसळते.

आज हा खांदा कोणाचा आहे? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत राबणाऱ्या तरुणाचा. आईला दवाखान्यात न्यावयाचे तर त्याचा रोज बुडतो. मग घरी सांभाळ सून करते. २००७ साली संसदेने केलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्याने जबाबदारी मुलामुलींवर टाकली. श्रम मात्र सुनेच्या वाट्याला आले, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्या श्रमांची नोंद नाही.

या कायद्यान्वये न्यायाधिकरण दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवू शकते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. ऐपत असून जो देत नाही, त्याच्याविरुद्ध हे साधन अवश्य वापरावे. पण ज्याच्याजवळ मुळातच नाही, त्याच्याकडून न्यायाधिकरण काय वसूल करणार?

तेथे राज्यसंस्थेचे कर्तव्य सुरू होते. संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात वार्धक्यातील सार्वजनिक साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यवहार काय आहे? ६० ते ७९ वयाच्या दरिद्री वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये. हा आकडा २००७ पासून हललेला नाही. श्रावणबाळ योजनेत २०२३ पासून १,५०० रुपये मिळतात. परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिना १,७५० रुपयांच्या आत असावे लागते. घरात एकाने नियमित मजुरी मिळविली की ही मर्यादा ओलांडली जाते. मुलाने आईला सांभाळावे असा उपदेश करावयाचा आणि तो कमावू लागताच आईचा स्वतःचा आधार काढून घ्यावयाचा, हा कोणता न्याय?

ज्यांनी वर्गणी भरली त्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. सिन्नरच्या बिडी कामगार स्त्रियांनी उमेदीची वर्षे बिड्या वळण्यात घालविली. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ साली १ हजार रुपये ठरली, ती तेथेच थांबली. निवृत्तिवेतन ही भीक नव्हे. ती उशिरा दिलेली मजुरी होय. म्हणूनच बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ साली दिल्लीत मागणी केली की, प्रत्येक श्रमिक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन मिळावे. उत्पन्नाची अट काढून टाकणे हे त्या दिशेचे पहिले पाऊल आहे, आणि आपल्या पक्षाने त्यासाठी लढले पाहिजे.

लढा लांबचा आहे. म्हातारपण थांबत नाही. म्हणून तोवर प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील साठी ओलांडलेल्यांची यादी करावी. राज्य कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवता येतो. कित्येकांना हे माहीतच नसते. त्यांचे अर्ज भरून द्या. हयातीच्या दाखल्याअभावी कोणाचे निवृत्तिवेतन अडले असेल तर सोबत जा. घरात गेल्यावर न्हाणीघराची ओली फरशी, जिन्यावरचा अंधार यांकडेही पाहा. म्हातारपणी मोडलेले माकडहाड किंवा खुबा सबंध कुटुंबाला कर्जात लोटतो. आणि सुनेलाही विचारा, तिला विसावा कधी मिळतो.

हे समाजकार्य आहे, राजकारण नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु दारोदार केलेली ही यादीच उद्या तहसील कचेरीवरील मोर्चाची यादी होईल.