ड्रोन घेण्याआधी वाऱ्याची परीक्षा

'नमो ड्रोन दीदी' योजना आल्यापासून गटाच्या बैठकीत ड्रोनचा विषय निघतोच. केंद्र सरकार किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये देतं. उरलेल्या रकमेसाठी गटाला कर्ज काढावं लागतं. म्हणून उडणारं यंत्र पारखतात कसं, हे आज समजून घेऊ.

खळ्यावर उफणताना आपण वारा बघतो. वारा पडला, तर पंखा लावतो. विमानाची परीक्षाही अशीच होते. मोठ्या बोगद्यात विमान खांबावर बसवतात आणि पंख्याने वारा सोडतात. विमान जागच्या जागी, पळतो तो वारा! वारा विमानाला किती उचलतो, किती मागे रेटतो, कुठे कलवतो, हे खाली जोडलेला काटा मोजतो. यालाच विंड टनेल म्हणतात.

अमेरिकेत बोइंग कंपनी आणि नासा यांनी एक्स-४८बी हे विनापायलट विमान पारखलं. पंखांचा पसारा सुमारे २१ फूट, धड आणि पंख एकजीव, शेपूट नाही. वेग कमी झाला तर ते ताब्यात राहील का, हा मोठा प्रश्न होता. एकसारखी दोन विमानं केली. २००६ मध्ये एकाची बोगद्यात सुमारे २५० तास परीक्षा झाली. मग दुसरं २० जुलै २००७ रोजी आकाशात झेपावलं. २०१० पर्यंत त्याची ९२ उड्डाणं झाली.

पण बोगद्यातला वारा सरळ असतो. आपल्या शिवारात तो झाडाला अडतो, बांधावरून वळतो. ड्रोनचा फवारा शेजारच्या पिकावर किंवा विहिरीत गेला, तर भांडण आपल्या दारात येणार आणि कर्जाचा हप्ताही चुकणार नाही.

तेव्हा बैठकीत हे प्रश्न विचारूच. या ड्रोनला सरकारमान्य टाइप सर्टिफिकेट आहे का? टाकी भरलेली असताना तो किती वारा सोसतो? बिघडला तर दुरुस्ती कुठे, किती दिवसांत? आणि आधी टाकीत नुसतं पाणी भरून, आपल्याच शेतात उडवून दाखवा, असं सांगू. पाणी कुठवर उडतं ते सगळ्या जणी बांधावर उभ्या राहून बघू. सही त्यानंतर.