एकाच वाटीतली हळद



मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक चोरी पकडली गेली. मुलीची चेहऱ्याला लावायची क्रीम महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपायला लागली. चोर निघाला धाकटा मुलगा. कॉलेजात जाणारा, नुकती दाढी फुटलेला. मी म्हटलं, "अरे, स्वतःची आणावीस की!" खाली मान घालून तो म्हणाला, "अब्बा, दुकानात मागायला लाज वाटते. ती बायकांची असते."

मग मीच त्याला विजापूर वेशीतल्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं दोन ट्यूब पुढं ठेवल्या. "चाचा, ही लेडीज, ही जेंट्स." लेडीज गुलाबी. तिच्यावर मोती, केशर, चंद्र. म्हणजे आम्हा कवींचाच माल. जेंट्स काळी-करडी. तिच्यावर पॉवर आणि अ‍ॅक्शन. वाटावं, मोटारसायकलची बॅटरी विकत घेतोय. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. निम्म्याहून अधिक नावं दोन्हीकडं तीच होती.

आता खरं तेही सांगायला हवं. पुरुषाची कातडी साधारणपणे थोडी जाड आणि तेलकट असते, वर दाढीचं पातं फिरतं. तेव्हा थोडा फरक समजण्यासारखा आहे. पण कातडीला रंग देणारं मेलॅनिन दोघांच्याही अंगात तेच. सोलापूरचं चाळीस अंशांच्या वरचं ऊन काही 'लेडीज की जेंट्स' असं विचारून लागत नाही.

माझी अम्मा आयुष्यभर विड्या वळत आली, अब्बा मिलमध्ये. थंडीत खोबरेल तेलाची एकच बाटली घरात असायची. आधी अम्माच्या हाताला, मग अब्बांच्या टाचांना, उरलं तर आमच्या गालांना. मग या एका बाटलीच्या दोन कशा झाल्या?

'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ साली. जाहिरातीतली सावळी मुलगी आधी उदास असायची. गोरी झाली की स्थळ यायचं, पुढं पुढं नोकरीही मिळायला लागली. एका जाहिरातीत तर बाप मुलगा नसल्याची खंत करतो आणि उजळलेली मुलगी हवाई सुंदरी होऊन त्याचं समाधान करते! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी केल्या, आणि २००३ मध्ये अशा जाहिराती पडद्यावरून उतरल्या.

दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, इमामी कंपनीची 'फेअर अँड हँडसम' आली, खास पुरुषांसाठी. पुढं शाहरुख खान तिच्या जाहिरातीत दिसू लागला. इथं सूर वेगळा. 'तुला कोण करून घेणार?' असं पुरुषाला कुणी विचारलं नाही. त्याला विचारलं, मर्द असून बायकांची क्रीम का लावतोस? म्हणजे बाईला भीती विकली आणि पुरुषाला लाज. क्रीम नुसतं निमित्त.

२०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेनं सांगितलं, की सावळ्या माणसाला दुःखी किंवा कुरूप दाखवू नका. २०२० मध्ये 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं, पण 'लव्हली' आणि 'हँडसम' हे दोन दरवाजे राहिलेच. दिल्लीत एका ग्राहकानं २०१३ मध्ये ७९ रुपयांना घेतलेल्या 'फेअर अँड हँडसम'बद्दल तक्रार केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगानं जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून कंपनीला साडेचौदा लाख रुपयांचा दंड सुनावला.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं घरात सांगत होतो. मुलगी शांतपणे उठली आणि तिनं एक कागद आणून माझ्या हातात दिला. तिच्या लग्नासाठी मीच लिहिलेला बायोडाटा. वर्ण : गव्हाळ.

माझी मुलगी अम्मावर गेली आहे, चांगली सावळी. "अब्बा, गहू कुठं दिसला तुम्हाला?" तिनं विचारलं. "आणि भाईचा बायोडाटा लिहाल तेव्हा हा रकाना ठेवणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. शब्द पारखून घेण्याचा मला अभिमान. तोच मी पोटच्या पोरीबद्दल खोटा शब्द लिहून बसलो होतो. मुलाच्या बायोडाटात मी पगाराचा रकाना ठेवला असता, रंगाचा नाही. कंपनीनं हा रकाना तयार केला नाही. तो आमच्या घरात आधीपासून होता. तिनं फक्त त्यात आपला माल भरला.

माझ्या हिंदू मित्रांच्या घरी नवरदेवाची उष्टी हळद नवरीला जाते. आमच्याकडंही हळद दोघांना लागते. एकाच वाटीतली हळद दोघांच्या अंगाला, याचं मला कवी म्हणून फार कौतुक होतं. पण उष्टी कुणाची आणि लावायची कुणी, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.

बायोडाटा पुन्हा टाइप केला, रंगाचा रकाना काढून. तरी फोन येतात. इकडचं तिकडचं बोलून झालं की पलीकडचा आवाज हळूच विचारतो, "मुलगी रंगानं कशी आहे?"

मी सांगतो, "माझ्या अम्मासारखी."