पहिल्या मंत्रिमंडळातील एकमेव स्त्री



१९४७ च्या मंत्रिमंडळाचे नाव निघाले की आम्हाला बाबासाहेब आठवतात. त्याच मंत्रिमंडळात एकच बाई होती, राजकुमारी अमृत कौर. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, गांधीजींच्या चिटणीस. म्हणजे वाट आपल्याहून वेगळी. पण १९५७ पर्यंत, सलग दहा वर्षे, त्यांनी देशाचे आरोग्य खाते सांभाळले. क्षयाविरुद्ध बी.सी.जी. लसीची मोहीम चालवली. १९५६ साली दिल्लीच्या ‘एम्स’चा कायदा करवून घेतला. सिमल्याचे स्वतःचे घरसुद्धा त्या संस्थेला देऊन टाकले.

क्षयाने माणसे गेलेली आम्ही वस्तीत पाहिली आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, मंत्रिपद मिरवायला नसते, राबायला असते. उद्या आपली लेक तिथवर पोचली, तर तिने हे विसरू नये.