वाचनाची गोडी आणि हातांची करामत

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्हीं आनंदानें शिरसावंद्य मानिली. अशा दिवशीं पूर्वजांचें गुणवर्णन करणें स्वाभाविक होय. परंतु ज्यांच्या हातीं पुढील महोत्सव जावयाचा आहे तीं मुलें या घटकेस बाहेर अंगणांत खेळत आहेत; सबब त्यांच्याविषयींच बोलावें असें आम्हीं ठरविलें. विषय लहान आहे. मुलांस वाचनाची गोडी कशी लागावी, आणि त्यासाठीं घरांतील टाकाऊ कागद, पुठ्ठा, दोरा व खळ यांचा उपयोग कसा करावा, एवढाच तो आहे.

प्रथम दुखणें कोणतें तें पाहूं, मग औषध. मूल शाळेंत जातें, अक्षरें ओळखतें, धडा तोंडपाठ म्हणूनही दाखवितें. परंतु अनोळखी मजकूर पुढें आला कीं अडखळतें आणि पुस्तक मिटतें. ग्रामीण भारतांतील मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालांत २०२२ सालीं असें आढळलें कीं, इयत्ता तिसरींतील दर १०० मुलांपैकीं सुमारें २० मुलांसच दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां येतो. २०२४ सालीं ही संख्या सुमारें २७ पर्यंत चढली. म्हणजे शंभरांतील सत्तरांहून अधिक मुलें अद्याप पुस्तकाच्या दारांतच उभीं आहेत. आपल्या वसईकडे त्यांत आणखी एका अडचणीची भर पडते. मूल इंग्रजी शाळेंत जातें, आजी त्याच्याशीं कादोडींत किंवा वाडवळींत बोलते, आणि मधली मराठी त्यास कानांनीं कळते पण डोळ्यांनीं वाचवत नाहीं. आजीच्या तोंडच्या गोष्टी कोणीं लिहून ठेविल्या नाहींत, तर त्या तिच्याबरोबरच जावयाच्या. तेव्हां एका शाळेच्या विषयांत मूल मागें राहतें एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाहीं. नातवंडें व आजीआजोबा यांमधील पूल राहतो कीं मोडतो, असा तो आहे.

उपायास पैका लागतो, हा समज मात्र सोडून द्यावा. याविषयीं एक खरी हकीकत सांगतों. १९०७ सालीं ६ जानेवारीस, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, रोम शहराच्या सान लोरेन्झो नामक गरीब वस्तींत मारिया माँटेसरी या विदुषीनें मजुरांच्या लहान मुलांसाठीं ‘बालगृह’ उघडलें. कांहीं महिन्यांनीं त्या मुलांच्या आयाच, आमच्या मुलांस लिहिणें-वाचणें शिकवा, म्हणून विनवूं लागल्या. माँटेसरीबाईंनीं पूर्वीं मंदबुद्धि मुलांसाठीं लांकडाचीं सुंदर अक्षरें करविलीं होतीं. तशीं नव्या शाळेसाठीं करून मिळेनात. शेवटीं त्यांनीं व शिक्षिकांनीं साध्या कागदाचीं अक्षरें कातरलीं, आणि काचकागदाचीं अक्षरें कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविलीं. या काटकसरींतूनच मोठा लाभ झाला. लांकडाच्या संचांत प्रत्येक अक्षर एकच होतें, त्यामुळें शब्द जुळवितां येत नसे. कागदाचीं अक्षरें मात्र हवीं तितकीं करतां आलीं, आणि मुलें आपण होऊन शब्द मांडूं लागलीं. गरिबीनें मार्ग अडविला नाहीं; तिनेंच तो दाखविला.

पुढें वाचनाची वेळ आली. बाईंनीं बरींच खेळणीं जमविलीं व त्यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहिलीं. मुलानें चिठ्ठी उचलावी, मनांत वाचावी, नांव स्पष्ट सांगावें आणि तें खेळणें घेऊन खेळावें, असा नियम होता. परंतु चिठ्ठी वाचतां येऊं लागल्यावर मुलें खेळण्यांकडे पाहीनात. तीं एकामागून एक चिठ्ठ्याच मागूं लागलीं. तीं मुलें गरीब घरचीं होतीं, हें येथें ध्यानांत धरावें. खेळण्याचा मोह तीं सोडूं शकलीं, कारण त्याहून गोड असें कांहीं त्यांस गवसलें होतें. वाचनास बक्षिसाची लांच लागत नाहीं. योग्य वेळीं योग्य वस्तु हातीं आली म्हणजे वाचन हेंच बक्षीस ठरतें.

हा विचार आपल्या मुलखांतही रुजला. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांजबरोबर काम केलें व १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं कार्य आरंभिलें, तें १९५७ सालीं कोसबाडच्या टेकडीवर गेलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. परदेशी धर्तीचीं महाग साधनें खेड्यास परवडणार नाहींत, हें ताराबाईंनीं ओळखिलें, आणि शंख-शिंपले, बिया, खडे, पानें, माती यांचींच साधनें केलीं. बोर्डी व कोसबाड आपल्यापासून फार दूर नाहींत. तेथें जें साधलें तें आपल्या वाड्यांत कां साधूं नये?

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों.

पहिली कृति खडबडीत अक्षरांची. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मुलाच्या पंजाएवढें अक्षर काढावें, त्यावर मैद्याची खळ लावावी, आणि चाळलेली बारीक रेती भुरभुरावी. सुकल्यावर जास्तीची रेती झटकून टाकावी. मुलानें लिहिण्याच्या दिशेनेंच त्यावरून दोन बोटें फिरवावीं व अक्षराचा उच्चार करावा. आरंभ ग, म, भ, न या अक्षरांनीं करावा. त्यांचीं वळणें एकमेकांशीं जुळतात, आणि चार अक्षरांतच ‘नग’, ‘मन’, ‘नभ’, ‘गमन’ असे शब्द होतात. पहिल्याच आठवड्यांत शब्द वाचतां आला म्हणजे मुलास धीर येतो.

दुसरी कृति चिठ्ठ्यांची. घरांतील वस्तूंचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहून एका टोपलींत ठेवावीं. मुलानें चिठ्ठी काढून ती त्या वस्तूवर नेऊन ठेवावी. घागर, खिडकी, उखळ, पाट, दिवा. तें साधलें म्हणजे आज्ञा लिहाव्या: ‘आजोबांस पाणी दे’, ‘अंगणांतून तीन पानें आण’. मूल मुक्यानें वाचतें आणि धांवत सुटतें. त्यास अर्थ कळला कीं नाहीं, हें विचारावें लागत नाहीं. पाण्याचा पेला आजोबांच्या हातीं पोंचला म्हणजे परीक्षा झाली.

तिसरी कृति घडीच्या पुस्तकाची. हीस खळही लागत नाहीं व दोराही लागत नाहीं. कोरा कागद तीन वेळां निम्म्यांत दुमडून उलगडावा, म्हणजे त्यावर आठ घरें पडतात. मग तो लांबीकडून निम्मा दुमडावा, आणि घडीच्या कडेपासून मधल्या रेघेवरून पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवावी. कागद उलगडून लांबट दुमडावा व दोन्ही टोकें एकमेकांकडे लोटावीं. मधली फट उघडून चार पाकळ्या होतात. त्या एका बाजूस वळविल्या कीं मुखपृष्ठासह आठ पानांचें पुस्तक तयार. एका पानावर एक चित्र व एक वाक्य, एवढेंच त्यांत असावें. या पुस्तकाचा कर्ता मूल स्वतः असतो, आणि आपलें पुस्तक मूल पुनःपुन्हां वाचतें.

चौथी कृति आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. गेल्या वर्षींच्या वह्यांचीं कोरीं पानें काढून मधोमध दुमडावीं व घडीवर तीन भोकें पाडावीं. सुई आंतून मधल्या भोकांतून बाहेर काढावी, वरच्यांतून आंत न्यावी, खालच्यांतून बाहेर काढावी, आणि मधल्यांतूनच आंत आणून गांठ मारावी. सुईचें हें काम घरांतील वडील माणसाच्या देखरेखीखालीं व्हावें. या वहींत मुलानें आजीची गोष्ट आजीच्याच बोलींत उतरून घ्यावी. तिचें गाणें, भाताच्या कापणीची आठवण, विहिरीवरच्या रहाटाची हकीकत. ज्या शब्दास शाळेच्या पुस्तकांत जागा नाहीं त्यास या पुस्तकांत मिळेल. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशीं काढूं नयेत. रविवारीं दुपारीं नातवानें तें पुस्तक आजीस वाचून दाखवावें. ज्या आजीस कधीं शाळेंत जातां आलें नाहीं, तिच्या तोंडचे शब्द कागदावरून तिच्याकडे परत येतील. या सोहळ्यास कोणत्या छापखान्याची सर येईल?

पांचवी कृति चित्रांची पोथी. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजाचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढें करून कथा सांगत आले आहेत. त्याच रीतीनें मुलांनीं साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर एका कथेचीं सहा चित्रें काढावीं, प्रत्येकाच्या पाठीमागें दोन ओळी लिहाव्या, आणि चित्र प्रेक्षकांकडे करून आपण मागील ओळी वाचाव्या. लाजाळू मुलास या पुठ्ठ्याचा आडोसा फार उपयोगीं पडतो.

येथें तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, कातरकाम हें वाचनाचें दार आहे, घर नव्हे. दोन घटका रंगरंगोटी झाली आणि एकही ओळ वाचली गेली नाहीं, तर तो खेळ झाला, वाचन नव्हे. दुसरी, आईबापांनीं मुलाच्या हातांतील कात्री हिसकावून घेऊं नये. वडिलांनीं सुबक केलेल्या पुस्तकापेक्षां मुलानें वांकडें केलेलें पुस्तक अधिक वाचलें जातें. तिसरी, बक्षिसें व स्पर्धा यांपासून हें काम दूर ठेवावें. पहिल्या क्रमांकाचें एक मूल हंसतें, आणि उरलेलीं वाचनावरच रुसतात.

कोणी म्हणतील, दिवसभर राबून आल्यावर आम्हांस वेळ कोठला? आम्ही फार मागत नाहीं. सायंकाळची रोझरी झाल्यावर पाव तास मोबाईल बाजूस ठेवावा व मुलाजवळ बसावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनीं ऐकावें. मुलास श्रोता मिळणें हेंही निम्मे शिक्षण आहे. आणि हातांस हें काम नवें नाहीं. नाताळ जवळ आला कीं बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद घेऊन आपलीं मुलें चांदणीचे कंदील करतात, गवत व माती आणून गोठा सजवितात, आणि त्यासाठीं कोणास शाळेंत जावें लागत नाहीं. तीच हौस वर्षभर अक्षरांकडे वळवावी.

शेवटीं एक विनंती. प्रत्येक वाडींतून कोऱ्या कागदांचा, पुठ्ठ्यांचा व जुन्या पत्रिकांचा एक गठ्ठा सभागृहांत आणून द्यावा. सभागृहांत एक दोरी बांधावी व तीवर मुलांनीं केलेलीं पुस्तकें टांगावीं, म्हणजे रविवारच्या मिस्सेनंतर ज्याला हवें त्यानें काढून वाचावें. पुस्तकांच्या कपाटास कुलूप असेल तर तें काढावें. वापरानें मळलेलें पुस्तक हें कुलुपांत स्वच्छ राहिलेल्या पुस्तकापेक्षां भाग्यवान समजावें. आजच्या महोत्सवाची ही स्मरणिका कपाटांत राहील, आणि पुढील महोत्सवास ती हातीं घेणारा आजचा कोणी बालक तींतील मराठी ओळी न अडखळतां वाचील, तर आपण आज येथें जमलों तें सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.