कापसातील रचना आणि ज्ञानाचे भांडवल

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्फटिकांतील रचना आणि कंपन्यांचे बौद्धिक भांडवल, असे दोन विषय एकत्र ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की मास्तर आज वाट चुकले. मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक. विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे, हे मी आधीच मान्य करतो. परंतु हे दोन्ही विषय आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या एका बोंडात सापडतात, आणि त्यांचा संबंध आपल्या घरातील मुलामुलींशी पोहोचतो, म्हणून हे धाडस करीत आहे.

सरकीला चिकटलेला एकेक तंतू म्हणजे बियाच्या सालीवरील एकेका पेशीची वाढ. त्यात बहुतांश भाग सेल्युलोजचा. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांबच लांब साखळी. आता गंमत पाहा. आपण खातो त्या ज्वारीच्या भाकरीत मुख्यतः स्टार्च असतो, आणि तोही ग्लुकोजचाच बनलेला. मग भाकरी पोटात पचते आणि कापूस का पचत नाही? कारण कण तेच असले तरी जोडणी वेगळी. स्टार्चमध्ये ते अशा रीतीने जोडलेले असतात की साखळीला वेटोळे पडते. सेल्युलोजमध्ये एक सुलट, एक उलट असे जोडले जातात. त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगून बसते. द्रव्य एकच, पण रचनेने एकाची भाकरी झाली आणि दुसऱ्याचे वस्त्र.

ही डोळ्यांना न दिसणारी रचना माणसाने ओळखली कशी? चौफुली पद्धतीने लावलेल्या कपाशीच्या शेताजवळून एस.टी. जाते तेव्हा खिडकीतून पाहा. एका विशिष्ट कोनात आला की सरळ तासच्या तास उलगडतात. कोन बदलला की सारे मिसळून जाते. क्ष-किरणांचे काहीसे असेच आहे. स्फटिकातील कणांच्या रांगांवरून ते ठराविक कोनांतच जोराने परततात. 1912 साली जर्मनीत माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून हा प्रयोग झाला. लगेच इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचे चिरंजीव लॉरेन्स ब्रॅग यांनी त्या कोनांवरून रांगांमधील अंतर मोजण्याची रीत बसवली. 1915 साली पिता-पुत्रांना मिळून नोबेल पारितोषिक लाभले, तेव्हा मुलाचे वय 25 वर्षांचे होते. पालकांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

या रीतीने पाहिले असता कापसाच्या तंतूचा ढोबळमानाने दोन-तृतीयांश भाग शिस्तीत रचलेला आढळतो, उरलेला सैल असतो. शिस्तीच्या भागामुळे तंतूला बळ येते. पाणी आणि रंग मात्र सैल भागातून आत शिरतात. सगळाच तंतू घट्ट असता तर कापड रंगलेच नसते. आपल्या देशात कापसाच्या तंतूचा अभ्यास करण्यासाठी 1924 साली मुंबईत माटुंग्याला प्रयोगशाळा स्थापन झाली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

या ज्ञानाचा पैसा कसा होतो ते जॉन मर्सर यांच्या चरित्रात दिसते. 1791 साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात जन्मलेला हा मुलगा वयाच्या नवव्या वर्षी सुताच्या कांड्या भरण्याच्या कामाला लागला. शाळा नशिबी नव्हती. शेजारच्या एका भल्या माणसाने त्याला लिहावाचायला शिकविले. पुढे पुस्तके वाचून तो रंगाईचे रसायन शिकला. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात सुती कापड बुडविले की ते आटते, अधिक मजबूत होते आणि रंगही अधिक घेते, हे त्याला आढळले. 1850 साली त्याने या कृतीचे पेटंट घेतले. त्या द्रावणाने सेल्युलोजच्या साखळ्यांची जुनी रचना मोडून नवी होते, हे क्ष-किरणांनी नंतर सिद्ध केले. 1890 च्या सुमारास हॉरेस लोव यांनी कापड ताणून धरून हीच कृती केली आणि रेशमासारखी चमक आणली. दुकानात ‘मर्सराइज्ड’ म्हणून कापड मिळते, त्यात या माणसाचे नाव आहे.

म्हणजे भांडवल केवळ जमीन, दुकान आणि यंत्र नव्हे. स्वीडनमधील स्कांदिया या विमा कंपनीने 1990 नंतरच्या काळात लेफ एद्विन्सन यांच्या पुढाकाराने आपल्या ज्ञानाचाही हिशेब मांडण्यास आरंभ केला. त्यांनी मुख्य विभागणी अशी केली: एक, माणसांच्या डोक्यात आणि हातांत असलेले ज्ञान, दुसरे, माणसे संध्याकाळी घरी गेल्यावरही कंपनीत मागे उरणारे ज्ञान, म्हणजे नोंदी, रीती, पेटंट, आणि त्याला जोडून ग्राहकांचा विश्वास. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणे हेच व्यवस्थापनाचे खरे काम.

आपल्या शेतकऱ्याने या भांडवलाची किंमत रोख मोजली आहे. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीत एक भाग बियाण्याचा, तर एक भाग त्यातील जनुकाच्या ज्ञानाचा असे. 2016 साली केंद्र सरकारने बोलगार्ड-2 साठी हा दुसरा भाग 49 रुपये ठरविला, 2018 साली 39, 2019 साली 20, आणि 2020 साली तो रद्द केला. दरम्यान गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली होती. ज्ञानाचे भांडवलही नवे केले नाही तर जुने होते, हा त्यातील धडा.

दुसरे उदाहरण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 च्या सुमारास शेतातील धानात काही वेगळ्या लोंब्या त्यांना दिसल्या. त्या निवडून, वर्षानुवर्षे पेरून त्यांनी जे वाण तयार केले ते ‘एचएमटी’ म्हणून दूरवर पोहोचले. 2005 साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. परंतु वाण गावोगाव गेले तसे द्रव्य त्यांच्या घरी आले नाही. 2018 साली ते गेले ते गरिबीतच. पारखी नजर होती, पण तिला कागदाचा आधार वेळेवर मिळाला नाही. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण नोंदविण्याचा हक्क दिला आहे. हक्क वापरायचा तर अर्ज वाचता आणि भरता आला पाहिजे.

आता आपल्याकडे वळतो. आमच्या मोहल्ल्यात एक वृद्ध पिंजारी होते. चिमूटभर कापूस बोटांत ओढून ते त्याचा कस सांगत. त्यांचा इंतकाल झाला, आणि ती विद्या त्यांच्याबरोबर कबरीत गेली. कोणी लिहून ठेवली नाही. मीही नाही.

आणखी एक कबुली द्यायची आहे. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका हुशार मुलाचे वडील दाखला मागायला आले. घरची अडचण होती. मी एक प्रश्नही न विचारता दहा मिनिटांत दाखला लिहून दिला. तो मुलगा आज गॅरेजमध्ये आहे. एंजिनाच्या आवाजावरून तो दोष ओळखतो. पण नव्या गाडीचे माहितीपुस्तक उघडले की उस्ताद दुसऱ्याला हाक मारतात, आणि त्या दुसऱ्याची मजुरी अधिक आहे. मागच्या महिन्यात त्याने मला विचारले, “सर, तुम्ही अब्बांना थांबा का नाही म्हणालात?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पालकहो, मी हाताच्या कामाला कमी लेखत नाही. हुनर हे मोठे भांडवल आहे. परंतु अक्षरांची जोड नसेल तर ते सैल तंतूसारखे राहते; रंग घेते, पण ताण सोसत नाही. आणि केवळ पाठांतराची शिस्त असेल, कामाची ओळख नसेल, तर रंगच चढत नाही. मुलाला दोन्ही हवे, मुलीलाही दोन्ही हवे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, दहावीपूर्वी दाखला मागण्याआधी एकदा आमच्याजवळ बसा. फी, पुस्तके, कामाच्या वेळा, काहीतरी मार्ग काढू. यापुढे दहा मिनिटांत दाखला मिळणार नाही, हे मी माझ्यापुरते ठरविले आहे. दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. या सुट्टीत एक वही घ्या, आणि आपल्या अब्बांना, अम्मीला, दादा-दादींना त्यांचे काम कसे चालते ते विचारून लिहा: शिवण, रंगाई, वेल्डिंग, वेचणी, जे असेल ते. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवू.

कुरआन शरीफचा पहिला हुकूम वाचण्याचा आहे, हे आपण दर वर्षी या व्यासपीठावरून ऐकतो. या वर्षी त्यावर अमल करू या. खुदा हाफिज.