जुन्या कपड्यांतला पँथर

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'संस्कृती आणि आपण'. एवढा मोठा विषय मला झेपत नाही. मी एका ड्रेसवर बोलणार आहे. हसा, आत्ताच हसून घ्या. मागच्या वर्षी मुंबईतल्या कॉमिक्सवाल्यांच्या एका जत्रेत मी ब्लॅक पँथर होऊन गेले होते. त्याची हकिकत सांगते, पैशापाण्यासकट.

या प्रकाराला कॉस्प्ले म्हणतात. आवडत्या पात्राचं सोंग घ्यायचं. आपला बहुरूपी दारोदार हेच करत आला, त्याला लोकांनी भिकारी म्हटलं. तेच वातानुकूलित हॉलमध्ये केलं की कला. पुरुषाचं पात्र बाईनं घेतलं की त्याला जेंडर-स्वॅप म्हणायचं. जलशात आपली पोरं लुगडं नेसून बाई व्हायची, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. पोरगी पुरुष झाली की मात्र वस्तीभर चर्चा.

पँथरच का? ऐका. हा ब्लॅक पँथर मार्व्हलच्या कॉमिकात पहिल्यांदा आला जुलै १९६६ च्या अंकात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोघांनी तो काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. पार्टी रस्त्यावर गाजायला लागली तसे कॉमिकवाले बिचकले आणि १९७२ च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या हीरोचं नाव काही काळ 'ब्लॅक लेपर्ड' करून टाकलं. आणि त्याच १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी काय केलं? जे नाव तिकडं जड झालं होतं ते उचललं आणि पुढं 'दलित' लावलं. तिकडं कागदावरचा पँथर नाव बदलतोय आणि इकडं हाडामांसाचे पँथर तेच नाव घेऊन उभे राहतायत! हा योगायोग मला कळला त्या रात्री झोप लागली नाही.

पण आमच्या घरात त्या काळचे जे फोटो आहेत, त्यांत सगळे पुरुष. बाया चहा करत असतील, नाहीतर फोटोच्या बाहेर पोरं सांभाळत असतील. तिकडं पार्टीची अध्यक्ष १९७४ ते १९७७ एलेन ब्राऊन होती, बाईमाणूस. आपल्याकडं बायांचा इतिहास बायांनाच गोळा करावा लागला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वस्त्यावस्त्यांतल्या म्हाताऱ्यांना गाठून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, ते १९८९ साली आलं. तेव्हा म्हटलं, आपण पँथर व्हायचं. पँथरची बहीण नाही. पँथर.

आता पैसा. तयार ड्रेस काही हजारांना मिळतो. माझ्याकडं चारशे रुपये. मग जुना बाजार. आपल्या घरातले जुने कपडे भांड्यांच्या बदल्यात नेणाऱ्या बोहारणी तुम्ही पाहिल्यात. गुजरातेतून आलेल्या या देवीपूजक समाजाच्या बाया तो माल निवडतात, धुतात, टाके घालतात आणि भल्या पहाटे बाजारात मांडतात. तिथल्या एका मावशीकडून काळी लेगिंग आणि काळा फुल बाह्यांचा टीशर्ट घेतला, दोन्ही मिळून नव्वद रुपये.

घरी आले आणि अप्पा पेटले. "बाबासाहेबांनी लोकांच्या अंगावरचं घालायचं बंद करायला सांगितलं आणि तू पैसे मोजून आणतेस? आजीला विचार, मढ्यावरचं कापड काय असतं ते."

दोस्तांनो, इथं मी गप्प झाले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नेमून दिलंय : कपडे मेलेल्याचे, जेवायला फुटकी भांडी, अंगावर लोखंडाचे दागिने. ती पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. जातीची खूण दाखवणारे कपडे आणि दागिने टाका, हे बाबासाहेबांनी बायांना सांगितलं तेही महाडलाच. माझ्या आजीनं आयुष्यात जुनेर मागून घेतलं नाही, फाटलं तर स्वतःचंच शिवलं. आणि आज बांद्र्याच्या पोरी जुनं जॅकेट हौसेनं घालतात, त्याला फॅशन म्हणतात. त्यांच्या आजीला कुणी मढ्यावरचं दिलं नव्हतं ना, म्हणून परवडतं.

मी अप्पांना म्हटलं, तेव्हा दुसऱ्यानं ठरवलेलं अंगावर पडत होतं, हे मी भाव करून, कापून, उसवून घेतेय. अप्पांना अजून पटलेलं नाही. खरं सांगू का, मलाही अर्धंच पटतं. पण त्या रात्री शिलाई मशीनवर पाय मारायला तेच बसले होते, कारण आईचा गुडघा दुखत होता.

करायचं कसं ते सांगते, कारण इथं दोघी-तिघींनी विचारलंय. मुखवट्यासाठी डोक्याला पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, नाक-तोंड मोकळं ठेवून. वर चिकटपट्टी. पेनानं शिवणीच्या रेघा मारायच्या, कापून सपाट करायचं, झाला साचा. फोम नवा घेऊ नका. बालवाडीत जमिनीवर जोडतात त्या रंगीत चौकोनी चटया भंगारात तीस रुपयांना मिळाल्या. पार्लरवालीच्या ड्रायरनं गरम केल्या की वाकतात आणि थंड झाल्यावर तशाच राहतात. चिकटवायचं कसं ते नाक्यावर चपला शिवणाऱ्या काकांनी शिकवलं : सोल्युशन दोन्ही कडांना लाव, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांब, मग दाब. मी घाई केली, पहिला मुखवटा कानापाशी उकलला. रंगाआधी पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात द्या, नाहीतर फोम सगळा रंग पितो.

आणि काळा काळा सारखा नसतो! उजेडात टीशर्ट तपकिरी दिसला, लेगिंग निळसर. काळ्यातही जाती. रंगाच्या पातेल्यात दोन्ही बुडवले. सुती टीशर्टनं रंग घेतला, पॉलिस्टरची लेगिंग जशीच्या तशी राहिली. शेवटी जुन्या रेक्झिनच्या बॅगेच्या पट्ट्या मांडीवर शिवून झाकलं. चंदेरी रेघांना साडीची लेस. सगळा हिशोब ३६० रुपये. जत्रेचं तिकीट त्याहून महाग होतं.

तिथं एक परीक्षक आले, चांगला माणूस, हसून म्हणाले, "अच्छा, शुरी का? बहीण?" कॉमिकात ती २००९ साली पँथर झाली, सिनेमात २०२२ साली, त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हटलं, नाही, मी राजाच आहे. ते म्हणाले, मग छाती कशी चालेल? मी म्हटलं, कवच माझ्या मापानं शिवलंय. बक्षीस मिळालं नाही. ते मिळालं एका परदेशी वेबसाइटवरून मागवलेल्या ड्रेसला.

छातीवर, डावीकडं, मी निळ्या धाग्यानं लहान अक्षरांत १९७२ काढलं होतं. दिवसभरात एकट्या माणसानं विचारलं, हॉल झाडणाऱ्या काकांनी. म्हणाले, "हे बहात्तर कशाचं गं पोरी?" मी सांगितलं. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "मी तेव्हा नायगावात होतो." मग आम्ही तिथंच जिन्यावर बसलो, अर्धा तास. ते बोलले, मी ऐकलं. मुखवटा मांडीवर होता.

ड्रेस पिशवीत आणलाय, मागं ठेवलाय. ज्या मुलींना घालून बघायचाय त्यांनी बघा. मुखवटा उजव्या कानापाशी परत सुटायला लागलाय, तिथं धरू नका.